चप्पूवरचा हिवाळा

फासजाळं सांजेला पाण्यात सोडायचं, पहाटे काढायचं, आणि मधल्या रात्रीत हिंडणारा मासा त्यात अडकायचा. घरणी प्रकल्पाच्या पाण्यावर चालणाऱ्या धंद्याचं सूत्र एवढंच आहे, आणि हिवाळ्यात नेमकं तेच बिघडतं. माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी गार तसं त्याचं अंग गार. थंडी वाढली की रोहू, कटला, मृगळ यांची भूक मंदावते. ते खोल पाण्यात जाऊन थांबतात. चिलापीला तर थंडी त्याहून जास्त बाधते. जो मासा हिंडत नाही, तो जाळ्यापर्यंत येणार कसा?

“हिवात मासं हलत न्हाईत. आपुनच खाली जावं लागतंय,” इथे मासेमारी करणाऱ्या मामी म्हणाल्या. खाली जायचं म्हणजे जाळं खाली न्यायचं. वरच्या दोरीला बांधलेल्या थर्माकोलच्या तुकड्यांच्या दोऱ्या लांब करायच्या, खालच्या दोरीला दगड वाढवायचे, की एरवी पाण्याच्या वरच्या थरात उभं राहणारं जाळं दीड-दोन पुरुष खोल जाऊन उभं राहतं. दरवर्षी दिवाळीनंतर पहिलं काम हेच. सगळी जाळी काठावर पसरायची, एकेक दोरी सोडून पुन्हा बांधायची. हे काम मामी करतात. कुठल्या जाळ्याला किती दोरी सोडायची, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे.

शिरूर अनंतपाळ तालुक्यात घरणी आणि साकोळ असे दोन मध्यम प्रकल्प आहेत. लातूर जिल्ह्यातल्या आठांपैकी हे दोन. घरणी नदी पुढे मांजरेला मिळते. प्रकल्पाच्या काठावर हिवाळ्यात फिरलं तर आधी दिसतात ते शेतकऱ्यांचे पंप, पाण्यात उतरलेले त्यांचे काळे पाइप, आणि पाणी ओसरून उघड्या पडलेल्या जमिनीवरचं गाळपेराचं हरभऱ्याचं हिरवं. मासेमारी नजरेत भरत नाही. निळ्या ताडपत्रीची एक खोपी, बाहेर तुराट्यांचा भारा, बांबूवर वाळणारी जाळी आणि काठाला ओढून ठेवलेला चप्पू, एवढाच तिचा पसारा. या खोपीत मामा-मामी हे पन्नाशीतलं भोई जोडपं दिवाळीपासून होळीपर्यंत राहतं. त्यांच्यासोबत त्यांची मांजर मनी असते. गावात त्यांचं पत्र्याचं घर आहे, पण रात्रभर पाण्यात असलेली जाळी सोडून गावात झोपता येत नाही. जाळी चोरीला जातात, कधी पंपाच्या पाइपात अडकतात, कधी वाऱ्याने गोळा होतात. मुलं पुण्याला कामाला आहेत.

काश्मिरात हांजी लोक पिढ्यान्‌पिढ्या डुंग्यात राहत आले. तिथे नावेवर छप्पर असतं, चूल असते, बर्फाच्या दिवसांत फेरनखाली कांगडी असते. आपल्याकडच्या चप्पूला यातलं काहीच नाही. थर्माकोलचे जाड ठोकळे रचायचे, ते खताच्या रिकाम्या पोत्यांत आवळायचे, खाली-वर बांबू घालून दोराने बांधायचं आणि वर एक फळी टाकायची, की चप्पू झाला. दोन खाटा शेजारी ठेवल्या तर जेवढी जागा होईल तेवढाच. काठ नाही, कठडा नाही. आणि हिवाळ्यात फार जाणवणारी गोष्ट अशी, की त्यावर विस्तव नेता येत नाही. निखाऱ्याचं घमेलं ठेवलं तर थर्माकोल वितळतो. त्यामुळे पाण्यावर जेवढा वेळ जाईल, तेवढा वेळ थंडीला काही उपाय नाही.

पूर्वी भोपळ्यांची सांगड असायची. वाळलेले मोठे भोपळे एकत्र बांधून त्यावर माणूस पोट टेकून जाळं टाकायचा. मामांच्या वडिलांनी अशीच मासेमारी केली. सांगडीवर एकच माणूस मावायचा. चप्पूवर दोघं मावतात. या फरकाने या धंद्यात बाईची जागा बदलली, असं मला वाटतं. सांगडीच्या काळात बाई काठावर मासळी घ्यायला उभी असायची आणि टोपली डोक्यावर घेऊन विकायला जायची. चप्पू आला आणि ती पाण्यावर गेली. विकण्याचं काम मात्र तिच्याकडून सुटलं नाही.

पहाटेचं काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यातली कसरत कळत नाही. काठावरून नीट दिसत नाही, कारण त्या वेळी पाण्यावर वाफ असते. रात्रीतून हवा पाण्यापेक्षा जास्त गार झालेली असते, म्हणून पाण्याची वाफ वर येऊन लगेच धुकं होते. मामींनी मला चप्पूच्या मधोमध बसवलं आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. त्या पुढच्या टोकाला गुडघे टेकून बसल्या. कमरेला प्लॅस्टिकचं पोतं गुंडाळलेलं, पदर खोचलेला. मामा मागे वल्हं घेऊन. पाण्यात बुडून वाळलेल्या बाभळीच्या खोडाला जाळ्याचं टोक बांधलेलं होतं. ते सोडून मामींनी जाळं वर ओढायला सुरुवात केली, आणि त्यानंतर बराच वेळ दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही.

बोलण्याची गरजच नव्हती. मामांची नजर सारखी मामींच्या हातांवर. जाळं सरळ वर यायला हवं. चप्पू वाऱ्याने जाळ्यावर गेला तर बांबूची टोकं जाळ्यात अडकतात आणि तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, तुटतो. मागे राहिला तर सगळा ताण मामींच्या दंडावर येतो. म्हणून वल्हं सारखं चाललेलं असतं, पण जोरात नाही. एक हलकासा मारा उजवीकडे, मग थोडं धरून ठेवणं, मग उलटा मारा. मामी मासा सोडवायला डावीकडे वाकल्या की मामा त्याच क्षणी उजवीकडे कलतात. त्या सरळ झाल्या की तेही सरळ. मोठा कटला आला तेव्हा मामींनी दोन्ही हातांनी ओढ घेतली आणि मामा मांडी घसटत मागच्या कडेपर्यंत सरकले. मधे बसलेल्या मला तोल जातोय असं एकदाही वाटलं नाही.

मासा सोडवणं हे बोटांचं काम. फासजाळ्यात मासा डोकं घालतो, कल्ले पलीकडे जातात आणि मागे सरकायला गेला की दोरा कल्ल्यात रुततो. त्याला मागे ओढलं तर कल्ले फाटतात, रक्त येतं आणि माल उतरतो. म्हणून तो ज्या दिशेने घुसला त्याच दिशेने पुढे काढायचा. कल्ल्यावरचा दोरा नखाने उचलायचा, डोक्यावरून सरकवायचा, मग मासा पुढे ढकलायचा. उन्हाळ्यात हे पटकन होतं. थंडीत बोटं बधिर होतात, तंगूसचा बारीक दोरा बोटाला जाणवतच नाही. चिलापीच्या पाठीवरचे काटे टोचले तरी लगेच कळत नाही, रक्त दिसल्यावर कळतं. मामी निघण्याआधी हातांना करडईचं तेल चोळतात. तरीही त्यांच्या बोटांच्या पेरांवर भेगा आहेत आणि त्या होळीपर्यंत भरत नाहीत.

त्या दिवशी जाळ्यात चिलापीच जास्त होती. याचंही कारण आहे. रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या पाण्यातले मासे. प्रकल्पाच्या साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात त्यांचं बीज, म्हणजे बोटुकली, विकत आणून सोडावं लागतं आणि ते विक्रीच्या वजनाला यायला वर्षाच्या आसपास लागतं. चिलापी साठलेल्या पाण्यात आपोआप वाढते. बीज कमी टिकलं की जाळ्यात चिलापी वाढते, आणि बाजारात तिला भाव कमी. २०२५च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने कहर केला, मांजरेला पूर आले. शेतकऱ्याची वाहून गेलेली माती सगळ्यांना दिसते. प्रकल्प भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागलं की त्याबरोबर मासाही जातो, तो दिसत नाही. “पानी लई झालं तरी आमचं मरण, न्हाई झालं तरी आमचंच,” मामा म्हणाले.

पाणी नसल्याचं वर्ष म्हणजे २०१६. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. याच तालुक्यातल्या डोंगरगाव बॅरेजमधून लातूर शहरासाठी टँकर भरले जात होते. पिण्याच्या पाण्याची ही कथा तेव्हा देशभर छापून आली. तळ उघडा पडलेल्या प्रकल्पांवरच्या भोयांचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. हे दोघं त्या वर्षी जाळी गावातल्या घरात टांगून पुण्याला बांधकामावर गेले होते. परत आले तेव्हा निम्मी जाळी उंदरांनी कुरतडलेली होती.

मनी आली ती या कारणाने. नायलॉनच्या जाळ्याला मासळीचा वास कायमचा बसतो आणि उंदराला तो खाण्याचा वास वाटतो. एका रात्रीत उंदीर जाळ्याला पाडतो ती भोकं शिवायला मामींना आठवडा लागतो. मनी खोपीत घडी घालून ठेवलेल्या कोरड्या जाळ्यांवरच झोपते, आणि तिला तिथून उठवायचं नाही असा नियम आहे. तिला रोज बोटभर लांबीची, विकली न जाणारी मासळी मिळते. तीही वाट्याची म्हणून, दया म्हणून नाही. चप्पूवरून परत येताना धुक्यात काठ दिसत नव्हता, पण वल्ह्याचा आवाज ऐकून ती पाण्याच्या कडेला येऊन उभी राहिली होती.

मनी चप्पूवरही बसते, पण मासेमारीला नाही. जानेवारी लागला की उसाला, गव्हाला पाणी सुटतं, प्रकल्प ओसरू लागतो आणि खोपीपासून पाणी लांब जातं. भिजलेली जाळी खांद्यावर घेऊन चिखलातून चालणं जड होतं, मग खोपी हलवावी लागते. ताडपत्री, बांबू, दोन डबे, चुलीचे दगड, गोधड्या हे सगळं चप्पूवर चढतं. सगळ्यात शेवटी मामी मनीला टोपल्यात घालून मांडीवर घेतात आणि घर पाण्यावरून पलीकडच्या काठाला जातं. एका हिवाळ्यात असं दोन-तीनदा होतं.

मार्गशीर्षात गिऱ्हाईक आटतं. पुष्कळ घरांत त्या महिन्यात मासळी शिजत नाही. पण त्याच महिन्याच्या अखेरीला येळवस येते. लातूरकडच्या माणसाला वेळ अमावास्येबद्दल वेगळं सांगायला नको. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं भरतात. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. आणि जेवायला कुणीही यावं, ही रीत. मामा-मामींना रान नाही, पण काठावरच्या शेतकऱ्यांपैकी कुणी ना कुणी हाक मारतंच. ते जेवून येतात आणि मामी आंबिलीचा थोडा शिंतोडा चप्पूवर टाकतात. रानात पिकावर टाकतात तसाच. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “ज्याचं रान हाय तो रानाला देतो. आमचं रान ह्येच.”

दोघांत एकटं पाण्यावर कोण जातं, हे मी विचारलं. मामांना ताप आला तर मामी एकट्या जातात. थोडीच जाळी काढतात, पण जातात. त्यांना वल्हंही येतं आणि जाळंही. मामी आजारी पडल्या तर त्या दिवशी चप्पू काठावरच राहतो, कारण मामांना मासा न फाडता सोडवणं जमत नाही. त्यांनी हे स्वतःच सांगितलं, अगदी मोकळेपणाने.

असं असून मच्छीमार संस्थेत सभासद म्हणून नाव फक्त मामांचं आहे. व्यापारी काट्यावर मासळी घेतो तेव्हा वहीत नाव मामांचं. मासेमारांसाठी किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९पासून लागू झालं. २०२०च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अपघाती मृत्यूसाठी पाच लाखांचं विमा संरक्षण आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. यातलं काहीही मामींपर्यंत पोचायचं तर त्या मासेमार आहेत हे कुठल्या तरी कागदावर असायला हवं. पहाटेच्या अंधारात, कठडा नसलेल्या चप्पूच्या पुढच्या टोकाला, खोल पाण्यावर वाकून बसते ती बाई. आणि कागदावर ती घरकाम करते.

शेतीत हाच प्रश्न शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या रूपाने उचलला होता, आणि हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. पाण्याला सातबारा नसतो. तिथे संस्थेची सभासद-वही हाच सातबारा. घरणी, साकोळ, मसलगा, तिरू, देवर्जन, जिथे जिथे चप्पूवर दोघं बसतात तिथल्या मच्छीमार संस्थांनी येत्या सर्वसाधारण सभेत हा एक विषय घ्यावा: जी बाई जाळं ओढते तिला सभासद करून घ्या. मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांनी सभासदांची पडताळणी कार्यालयात बसून न करता एकदा पहाटे काठावर येऊन करावी. कोण मासेमार आहे, ते तिथे विचारावं लागत नाही.