कळशी भरली हे कसं कळतं?

मैत्रिणींनो, नळाला पाणी आलं की आपण कळशी लावतो आणि पोळ्या लाटायला आत येतो. कळशी भरत आली हे कसं कळतं हो आपल्याला? उठून बघायला कुणी जात नाही. आवाजावरूनच कळतं! आधी जाडसर, घोगरा असलेला आवाज बारीक बारीक होत जातो आणि आपण लाटणं टाकून नळाकडे धावतो. म्हणजे ध्वनीचं शास्त्र आपल्याला येतं. आपण त्याला शास्त्र म्हणत नाही, एवढंच.

हे मला जरा उशिराच उमगलं. माझी धाकटी लेक सहावीत होती. सहामाहीत विज्ञानात नापास होता होता वाचली. प्रगतिपुस्तकावर बाईंचा शेरा, 'वर्गात लक्ष नसते.' मीही तिला खूप बोलले. शिकवणी लावायची तर महिन्याचा हिशेब आडवा येत होता, आणि मी दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक हातात धरलेलं नाही. शेवटी एका रविवारी दुपारी आम्ही दोघी ध्वनीचा धडा घेऊन स्वयंपाकघरात बसलो. तुम्हीही बसून बघा. खर्च काही नाही.

पहिला प्रयोग ताटाचा. स्टीलचं ताट टांगतं धरून चमच्याने वाजवा आणि लगेच काठाला हलकेच बोट लावा. बोटाला झिणझिण्या येतात ना? ताट थरथरतंय, तेच कंपन. आता काठ मुठीत घट्ट धरा. थरथर थांबली, आवाजही थांबला. 'कंपनामुळे ध्वनी निर्माण होतो' हे वाक्य दहा वेळा घोकून जे होत नाही, ते या एका ताटाने होतं.

दुसरा प्रयोग मोहरीचा. पातेल्याच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधा, वर चार मोहरीचे दाणे टाका आणि जवळ दुसरं पातेलं बडवा. दाणे टणाटण उडतात. मधे काही दिसत नाही, पण हवा आहे, आणि तीच ही थरथर वाहून नेते. हवाच नसेल तर? रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात घड्याळ टांगून आतली हवा काढून घेतली, तेव्हा टिकटिक ऐकू येईनाशी झाली. हा प्रयोग त्याने १६६० साली प्रसिद्ध केला.

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून वीज चमकली की मुलांना आकडे मोजायला लावा. तीन सेकंदांनी गडगडलं, तर वीज साधारण एक किलोमीटरवर. पाण्यात ध्वनी याच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि पोलादात तर सुमारे पंधरापट!

मग आम्ही पेल्यांत कमीजास्त पाणी घालून चमच्याने वाजवले, जलतरंगासारखे. जास्त पाण्याचा पेला खालच्या सुरात वाजला. लेक म्हणाली, "आई, मग कळशी भरताना आवाज बारीक कसा होतो?" प्रश्न अगदी बरोबर होता. पेल्यावर चमचा मारला की पेलाच थरथरतो आणि पाण्याच्या भाराने त्याची थरथर मंदावते. कळशीत मात्र पाण्यावरची हवा घुमते. पाणी चढतं तशी हवेची जागा आखूड होते, कंपनं भराभर होतात आणि सूर चढतो.

शेवटी काडेपेट्यांचा टेलिफोन केला. दोन रिकाम्या पेट्या, मधे ताणलेला दोरा. ती बाहेर गॅलरीत, मी आत. उजव्या कानाला पेटी लावली की माझं बोलणं ऐकून खुदुखुदु हसायची. म्हटलं, आता डाव्या कानाला लाव. तर आतून मी बोलतेच आहे, आणि ही म्हणते, "आई, बोल ना!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वारंवार होणाऱ्या सर्दीमुळे डाव्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय. पातेल्यावरच्या त्या कागदासारखा आपला पडदाही थरथरतो, मागची तीन इवलीशी हाडं ती थरथर आत पोचवतात. मागे पाणी साचलं की पडदा मोकळेपणाने हलत नाही, मुठीत धरलेल्या ताटासारखाच. शेवटच्या बाकावर, बाईंकडे डावा कान करून बसणाऱ्या पोरीचं 'लक्ष नसतं' ते यामुळे! तिला बोललेला एकेक शब्द मला टोचला.

उपचार आणि तपासण्या चालू राहिल्या. काही महिन्यांत पाणी ओसरलं. मधल्या काळात मी बाईंना चिठ्ठी लिहिली आणि त्यांनी त्याच दिवशी तिला पुढच्या बाकावर बसवलं.

म्हणून सांगते, मूल सारखं "काय?" विचारत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, मागून हाक मारली तर वळत नसेल, तर रागावण्याआधी कान तपासून घ्या. मनाने कानात तेल घालू नका, पिन किंवा काडी तर मुळीच नको. कानठळ्या बसवणारे फटाके आणि मोठ्या आवाजातले इयरफोन यांपासूनही मुलांना जपा. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

गुण किती मिळाले, असं विचाराल. बेताचेच हो! पण परवा मी फोडणीत गुंतले होते, तर बाहेरच्या खोलीतून हाक आली, "आई, सूर चढला, कळशी भरली!"