बोटांची गिटार आणि पळस्प्याची वीणा

गिटार म्हटली की सिनेमातला नायक डोळ्यांपुढे येतो. गळ्यात पट्टा आणि मागे दहा वाजवणारे. पण एखादा वयोवृद्ध वादक एकटाच खुर्चीवर बसतो, पुढे पन्नास माणसे, ना तबला ना पेटी, आणि दीड तास कोणी जागचे हलत नाही, अशीही गिटारची मैफल असते. हे साधते कसे?

गिटारला तारा सहा. चिमटीत नखी धरली की सारा हात त्या एका टोकाशी बांधला जातो. ती टाकून दिली की बोटे मोकळी होतात. अंगठा खर्जाच्या तीन जाड तारा सांभाळतो. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका वरच्या तीन तारांवर चाल वाजवतात. भजनातल्या पखवाजाच्या दोन तोंडांवर दोन हात वेगवेगळे बोल काढतात ना, तसेच. इथे मात्र ते काम एकाच हाताची बोटे करतात.

आता गुरुजींनी वर्गात एकतारी आणावी. तार आधी नखाने छेडा, मग बोटाच्या मांसल टोकाने. नख कठीण आणि बारीक. मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वरही ते उसळवते, म्हणून आवाज चकचकीत निघतो. मांस मऊ आणि रुंद, ते उपस्वर दाबते. आवाज गोल येतो. स्पेनचे फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) उत्तरायुष्यात नखे सोडून नुसत्या मांसाने वाजवू लागले. त्यांच्या मागून आलेल्या आंद्रेस सेगोव्हियांनी (१८९३–१९८७) नखे ठेवली, आणि मोठमोठ्या सभागृहांतही ध्वनिक्षेपक नाकारला.

हाच प्रश्न आपल्या डोंगराच्या पलीकडे, पनवेलजवळ पळस्प्याला गुरुकुल काढणाऱ्या एका बीनकाराने वेगळ्या रीतीने सोडवला. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) मूळचे उदयपूरचे, ध्रुपदाच्या घराण्यातले. रुद्रवीणा म्हणजेच बीन. ती परंपरेने बोटांत तारेच्या नख्या घालून वाजवतात. उस्तादांनी नख्या टाकल्या. मग आवाज बारीक होणार, हे उघड. तेव्हा त्यांनी वाद्यच बदलून घेतले: भोपळे मोठे, दांडी जाड, पोलादी ताराही जाड. स्वर खोल झाला आणि लांबवर टिकू लागला. आलापात या टिकण्याला फार महत्त्व, कारण डावा हात तार ओढून एका स्वरातून दुसऱ्यात जातो, तोवर नाद जिवंत राहिला पाहिजे. मणी कौल यांच्या १९८२ सालच्या ‘ध्रुपद’ चित्रपटात हे वादन पाहायला मिळते. पुत्र बहाउद्दीन डागरही रुद्रवीणाच वाजवतात. पण बीनकार आज देशात मोजकेच. ऐकणारे न मिळाले तर अशी वाद्ये बंद पडतात.

आणि ऐकणारे कुठून येणार? जत्रेत भिंतीएवढे कर्णे लागतात, त्यात वाढलेल्या मुलाला हळू आवाज ऐकायची सवयच राहत नाही. ध्वनिक्षेपक वाईट, असे मी म्हणत नाही. आकाशवाणीचा माणूस तसे म्हणेल तरी कसा! पण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाई उरते. ताशाला ते चालते, वीणेला नाही.

तेव्हा पौडच्या एखाद्या शाळेत अशी मैफल ठरवलीत, तर खुर्च्या काढा, सतरंज्या अर्धवर्तुळात घाला, शेवटची रांग वीस हातांपलीकडे नको. पंखे बंद. आणि श्रावणात पत्र्याच्या छपराखाली मुळीच ठेवू नका. मुळशीच्या पावसापुढे सेगोव्हियांचेही काही चालले नसते. भाताची कापणी-झोडणी उरकली, की मग बोलवा.