नोटर डेम येथील धर्मगुरूंचा पत्रसंग्रह

बखर आणि पत्र यांत विरोध आला असतां प्रामाण्य कोणास द्यावें, हा प्रश्न आपल्याकडील संशोधकांस नवा नाहीं. अमेरिकेंतील एका कॅथॉलिक विद्यापीठाच्या कागदपत्रांत हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहतो. तेथें बखर लिहिणारा व पत्रें लिहिणारा पुरुष एकच आहे. आणि ज्या प्रकरणीं या दोहोंची तुलना करणें सर्वांत अगत्याचें, त्या प्रकरणाचा धागा थेट पूर्व बंगालपर्यंत येऊन पोंचतो. शिवाय त्या विद्यापीठांत जुन्या पत्रांचा जो मोठा संग्रह झाला, त्याच्या जमवाजमवीची व वर्गवारीची हकीकत आपल्या इकडील कागदांच्या शोधकांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे. सबब तिचा परिचय येथें करून देत आहों.

इंडियाना संस्थानाच्या उत्तर भागांत साउथ बेंड शहराला लागून हें विद्यापीठ आहे. नांव फ्रेंच असून त्याचा अर्थ 'आमची स्वामिनी', म्हणजे येशूची माता मरिया, असा होतो. मूळ उच्चार 'नोत्र दाम'. अमेरिकन लोक 'नोटर डेम' म्हणतात, व आम्हीही तोच उच्चार स्वीकारला आहे. बादिन नांवाच्या वृद्ध पाद्र्यानें तेथें सुमारें ५२४ एकर जमीन घेऊन ठेविली होती. ती पुढें व्हिन्सेन्सच्या बिशपाकडे आली. दोन वर्षांच्या आंत तेथें विद्यालय उभारावें, या अटीवर बिशपानें ती होली क्रॉस संघाच्या एडवर्ड सोरिन या फ्रेंच पाद्र्यास देऊं केली. सोरिन २६ नोव्हेंबर १८४२ रोजीं तेथें पोंचला तेव्हां त्याचें वय अवघें अठ्ठावीस वर्षांचें होतें. त्यानंतर नऊ दिवसांनीं, ५ डिसेंबर रोजीं, त्यानें फ्रान्समधील आपल्या वरिष्ठास, बाझील मोरो यांस, पत्र लिहून बर्फानें आच्छादिलेल्या तळ्याचें वर्णन कळविलें. वस्तुतः त्या जागीं तळीं दोन आहेत, पण संस्थेच्या पूर्ण नांवांत सरोवर एकच आहे. बर्फामुळें दोहोंमधील जमीन दिसली नाहीं व तीं एकच भासलीं, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, स्थापनेनंतर दहा दिवसांच्या आंतलें स्थापकाचें पत्र हातीं असणें हें भाग्य फार थोड्या संस्थांच्या वांट्यास येतें. १५ जानेवारी १८४४ रोजीं संस्थानाच्या विधिमंडळानें विद्यापीठाची सनद दिली.

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. होली क्रॉस संघाचें मूळ ठाणें फ्रान्समध्यें ल मां शहराजवळ होतें. पूर्व बंगालमधील कॅथॉलिक मिशनचें काम संघानें अंगावर घेतल्यावर, १८५२ सालीं मोरो यांनीं त्या मिशनचा प्रमुख म्हणून सोरिनची निवड केली. सोरिननें जाण्याचें नाकारलें. नोटर डेमची उभारणी अर्धवट होती, देणीं डोक्यावर होतीं, आणि आपण निघून गेल्यास सर्व डोलारा कोसळेल, असा त्याचा मुद्दा होता. आज्ञापालनाची शपथ घेतलेल्या संघांत वरिष्ठाची आज्ञा नाकारणें ही लहान गोष्ट नव्हे. तरीही प्रकरण इतकें ताणलें गेलें कीं, १८५३ मध्यें नोटर डेमच्या मंडळीनें मूळ ठाण्यापासून आपण वेगळे झालों असें जाहीर केलें. त्याच वर्षीं सोरिन नमला, मोरो यांनीं त्यास क्षमा केली, व तो नोटर डेमलाच राहिला. संघाचे पहिले मिशनरी मात्र १८५३ मध्यें बंगालच्या भूमीवर उतरले. सोरिन बंगालला गेला नाहीं, तरी त्याच्या संस्थेचें नांव पुढें तेथें गेलें, हा एक मौजेचा योग म्हणावा लागेल. १९४९ सालीं ढाक्यास होली क्रॉस पाद्र्यांनीं सेंट ग्रेगरीच्या नांवानें जें कॉलेज काढलें, तेंच नंतर नोटर डेम कॉलेज या नांवानें प्रसिद्धीस आलें.

या तंट्याचा निवाडा करूं पाहणारास एक अडचण पहिल्याच पावलास भेटते. ल मांहून निघालेलें पत्र समुद्र ओलांडून इंडियानाच्या अरण्यप्रांतांत पोंचावयास व त्याचें उत्तर परत जावयास महिना-दीड महिना सहज जाई. म्हणजे मोरो ज्या दिवशीं एखादी आज्ञा लिहीत, त्या दिवशीं सोरिनचें नवें म्हणणें त्यांच्यापुढें असेलच असें नाहीं. आणि सोरिन ज्या पत्राला रागावून उत्तर देई, त्या पत्रांतील भूमिका मोरो यांनीं तोंवर सोडलेलीही असूं शके. अशा पत्रव्यवहारांत केवळ लेखनाच्या तारखांचा क्रम लावून वाचीत गेल्यास एकाचा हट्ट व दुसऱ्याची उद्धटता, दोन्ही असतील त्याहून मोठीं दिसतात. प्रत्येक पत्राला दोन तारखा असतात, एक लिहिल्याची व एक पोंचल्याची. आणि माणसें वागतात तीं दुसरीला अनुसरून. मराठी कागदांत पावल्याची मिति पत्राच्या पाठीवर किंवा शेंड्यावर टिपून ठेवण्याची चाल होती, तिचें मोल असें परदेशीं प्रकरण चाळतांना अधिकच जाणवतें.

आतां बखरीचा विचार. सोरिननें फ्रेंच भाषेंत नोटर डेमचा वृत्तान्त लिहिला. त्यांत १८४१ ते १८६६ या काळांतील घडामोडी आल्या आहेत, व लेखक स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषीं करितो. त्याचें इंग्रजी भाषांतर १८९५ सालीं संघाच्याच एका पाद्र्यानें केलें; तें संपादित होऊन छापून निघावयास मात्र १९९२ साल उजाडलें. हा ग्रंथ वाचनीय आहे, माहितीनें भरलेला आहे, आणि त्यांत लेखकानें आपली बाजू लपविलेलीही नाहीं. परंतु 'तो' म्हणून लिहिणारा मनुष्य 'मी' म्हणून लिहिणाऱ्यापेक्षां अधिक तटस्थ असतो असें मानण्याचें कारण नाहीं; आमच्या मतें उलटच. बंगालचें प्रकरण बखरींत लिहितांना लेखकास शेवट ठाऊक होता. पत्र लिहितांना तो ठाऊक नव्हता. म्हणून या प्रकरणीं बखरीचा उपयोग पत्रांचा अर्थ लावण्यासाठीं करावा, पत्रांच्या ऐवजीं करूं नये.

पत्राच्या बाह्यांगाबद्दलही दोन शब्द लिहिणें जरूर आहे, कारण संग्राहकांच्या हातीं प्रथम तेंच येतें. अमेरिकेंत १८४५ पूर्वीं टपालहंशील कागदाच्या तावांवर व अंतरावर आकारीत. चारशें मैलांपलीकडे जाणाऱ्या एका तावास पंचवीस सेंट पडत. दोन ताव झाले कीं दुप्पट. पाकीटही तावांतच मोजलें जाई. साहजिकच लोक एकच मोठा ताव घेत, तो समासासकट भरून काढीत, घडी घालून लाखेनें बंद करीत व पाठीवर पत्ता लिहीत. मिशनचे पाद्री गरीब. त्यांच्या पत्रांत कडेच्या कोऱ्या जागेंतही आडव्या ओळी घुसडलेल्या दिसतात त्याचें हें एक कारण. १८४५ पासून हंशील वजनावर आलें, १८४७ मध्यें तिकिटें निघालीं, आणि आगाऊ पैसे भरण्याची सक्ती १८५५ पर्यंत नव्हती. तोंवर बहुधा पत्र घेणारानेंच पैसे मोजावयाचे. अरण्यांतल्या बिशपाकडे दहा पत्रें एकदम आलीं तर त्याच्या खर्चाच्या वहींत ती एक ठळक रक्कम होई. १८५१ सालीं नोटर डेम येथें स्वतंत्र टपालकचेरी मिळाली व पहिला पोस्टमास्तर म्हणून सोरिनचीच नेमणूक झाली. विद्यालयाचा, मठाचा व टपालाचा असा तिहेरी कारभार एका हातीं आला.

पत्ता, शिक्का व घडीच्या खुणा असलेला हा पाठीचा भाग म्हणजे पोंचल्याच्या तारखेचा पुष्कळदां एकमेव पुरावा होय. तिकिटांच्या हौसेपायीं तो कापून घेणारे लोक सर्व देशांत आहेत. अशा एका कापलेल्या पत्रामागें इतिहासाचें किती नुकसान झालें हें त्यांना सांगून कळत नाहीं, हा आमचाही अनुभव आहे.

या विद्यापीठांत पत्रें गोळा करण्याचें वेड ज्यास लागलें, तो जेम्स फार्नहॅम एडवर्ड्स. जन्म १८५०, मृत्यु १९११. म्हणजे आपल्या राजवाड्यांहून तेरा वर्षांनीं वडील. लहानपणीं विद्यार्थी म्हणून तेथें आला व जन्मभर तेथेंच राहिला. ग्रंथसंग्रह त्याच्या हवालीं होता. तो २३ एप्रिल १८७९ च्या आगींत मुख्य इमारतीबरोबर नष्ट झाला. इमारत त्याच वर्षीं पुन्हा उभी राहिली, आणि एडवर्ड्सनेंही पुन्हा आरंभापासून जमवाजमव सुरू केली. मात्र आतां त्याची दृष्टि पुस्तकांपुरती राहिली नाहीं. अमेरिकेंतील दिवंगत बिशपांचीं चित्रें, त्यांचे मुकुट, दंड व वस्त्रें यांचें त्यानें एक दालनच मांडलें. आणि त्यांच्यामागें उरलेले कागद मिळविण्यासाठीं जिवंत बिशपांचा पिच्छा पुरविला. पत्रें लिहून, स्वतः जाऊन, आर्जवें करून त्यानें न्यू ऑर्लिन्स, सिन्सिनाटी, डेट्रॉइट वगैरे ठिकाणचीं दप्तरेंच्या दप्तरें नोटर डेमला आणविलीं. जुन्या कागदांना तोंवर माळ्यावरची अडगळ समजण्यांत येई; तो न जाता तर त्यांतील बरेच चुलींत किंवा रद्दींत गेले असते, याविषयीं शंका नको.

न्यू ऑर्लिन्सचे कागद यांत सर्वांत जुने. लुइझियाना व फ्लॉरिडा यांचा धर्मप्रांत १७९३ सालीं स्पेनच्या अमलाखालीं निर्माण झाला. त्यापूर्वींचेही कागद या दप्तरांत असून पहिला कागद १५७६ चा आहे. १८०३ पर्यंतच्या भागाचें सूक्ष्म छायाचित्रण करून १९६७ सालीं बारा फितींत तो अभ्यासकांस उपलब्ध करून देण्यांत आला. डेट्रॉइटच्या व सिन्सिनाटीच्या कागदांत इंग्रजी व फ्रेंच यांबरोबर जर्मनही आढळतें. त्याचें कारण पैशांत आहे. अमेरिकेंतील मिशनांना १८२२ पासून फ्रान्समधील लिओंच्या संस्थेची व १८२९ पासून व्हिएन्नाच्या लिओपोल्ड संस्थेची मदत येई, आणि मदत मागावयाची ती देणाऱ्याच्या भाषेंत. लिओंच्या संस्थेनें असलीं पत्रें आपल्या नियतकालिकांत छापून लोकांस दान देण्यास उद्युक्त केलें. पण छापलेलें पत्र म्हणजे अस्सल पत्र नव्हे. दात्यांपुढें मांडावयाच्या मजकुरावर संपादकाचा हात फिरलेलाच असावयाचा.

एडवर्ड्सच्या उपकारांबरोबर एक दोषही नोंदविला पाहिजे. जागच्या जागीं बांधलेलीं पुडकीं सुटून परक्या ठिकाणीं आलीं, व कोणता कागद कोणत्या कागदाशेजारीं होता ही माहिती कित्येकांच्या बाबतींत हरवली. वाड्यावाड्यांतून रुमाल उचलून आणणाऱ्या आपल्या इकडील संशोधकांवरही हा आक्षेप येतो, आणि तो टाळतां येण्यासारखा नाहीं. कागद वांचणें पहिलें, त्याचें घर कळणें दुसरें. परंतु दुसऱ्यासाठीं निदान आणते वेळीं एक याद करून ठेवावयास फारसे श्रम पडत नाहींत.

हा पसारा आवरण्याचें काम थॉमस मॅकॲव्हॉय या पाद्र्याच्या वांट्यास आलें. तो १९२९ सालीं दप्तराचा प्रमुख झाला व १९६९ मध्यें मरेपर्यंत राहिला. त्याच्या देखरेखीखालीं प्रत्येक पत्राचें इंग्रजी टांचण होऊं लागलें. वर तारीख, मग लिहिणारा व त्याचें ठिकाण, ज्यास लिहिलें तो व त्याचें ठिकाण, नंतर मजकुराचा सारांश, शेवटीं पत्र सहीचें व स्वहस्ताक्षरीं आहे कीं नक्कल, भाषा कोणती, पानें किती, कागदाचा आकार कोणता, आणि रोमन अंक, साधा अंक व अक्षर मिळून झालेली कपाटाची खूण. हीं टांचणें संग्रहानुसार न ठेवतां एकाच कालक्रमांत लाविलीं आहेत. त्यामुळें एका दिवशीं न्यू ऑर्लिन्सचा बिशप ब्लां काय लिहीत होता व सिन्सिनाटीचा पर्सेल काय वाचीत होता, हें शेजारीं शेजारीं दिसतें. हा लाभ मोठा आहे. मात्र क्रम लावला तो लेखनाच्या तारखेचा, म्हणून वर सांगितलेली अडचण येथेंही उरते. आणि मूळ दप्तर कोणतें तें केवळ खुणेवरूनच ओळखावें लागतें. टांचणावरून निष्कर्ष काढणाऱ्यानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सारांश करणाराला जें महत्त्वाचें वाटलें तें आलें आहे. उसन्या घेतलेल्या पूजावस्त्राची आठवण, खोकल्याची तक्रार, ताजा कलम, असल्या बारीक गोष्टी थोडक्यांत आटोपल्या जातात. घरगुती इतिहास लिहिणाराला नेमक्या त्याच हव्या असतात.

संग्रहांत खासगी पत्रेंही विपुल आहेत. ओरेस्टीस ब्राउनसन हा प्रसिद्ध लेखक १८४४ सालीं कॅथॉलिक झाला; त्याचे कागद त्याच्या मुलाकडून आले, व त्यांत पॉलिस्ट संघाचा संस्थापक हेकर याचीं पत्रें आहेत. त्यांवर स्वतंत्र लिहावें लागेल. येथें शेवटीं शर्मन घराण्याच्या कागदांकडे बोट दाखवितों. यादवी युद्धांतील प्रसिद्ध सेनापति शर्मन स्वतः धर्माचरण करणारा नव्हता, परंतु त्याची पत्नी एलेन निष्ठावंत कॅथॉलिक होती. १८६४ सालीं मुलांच्या शिक्षणासाठीं ती साउथ बेंडला येऊन राहिली. त्या जूनमध्यें जन्मलेला त्यांचा धाकटा मुलगा डिसेंबरांत तेथेंच वारला. बापानें त्याला कधीं पाहिलेंही नव्हतें. शर्मन त्या वेळीं जॉर्जियांतून समुद्राकडे कूच करीत होता, मागील तारायंत्र व टपाल दोन्ही तुटलीं होतीं. सॅव्हाना गांठल्यावर मुलगा गेल्याची बातमी त्यास कळली ती पत्रानें नव्हे, वर्तमानपत्रांतून. त्या काळांतील नवराबायकोचीं पत्रें तारखेवार लावून पाहतां मध्यें जी रिकामी जागा सांपडते, ती एखादें पत्र गहाळ झाल्यामुळें आहे असें समजून कोणी शोध घेऊं लागेल. वस्तुतः त्या दिवसांत पत्र जाण्याची वाटच नव्हती.