यकृतातील गाठीचे प्रतिमानिदान : चिन्ह आणि संदर्भ

यकृतात संशयास्पद गाठ आढळली असता सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून तिचे स्वरूप ठरविले जाते. या चिकित्सेत एकाच चिन्हाचा अर्थ संदर्भानुसार कसा पालटतो, हे भाषाभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

गाठ प्रथम बहुधा सोनोग्राफीत दिसते. ती द्रवाने भरलेली आहे की घन, एवढे तेथे कळते. घन गाठीचे स्वरूप मात्र पुष्कळदा अनिश्चितच राहते. पुढील परीक्षेचा पाया यकृताच्या रक्तपुरवठ्यात आहे. निरोगी यकृतास सुमारे ७५ टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशिका नीलेतून मिळते व उर्वरित रोहिणीतून. यकृतपेशींच्या कर्करोगाचे पोषण प्रामुख्याने रोहिणीवर चालते. म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट द्रव्य दिल्यावर सुमारे ३५ सेकंदांनी अशी गाठ भोवतालच्या यकृताहून उजळ दिसते. सुमारे ७० सेकंदांनी व पुन्हा ३ ते ५ मिनिटांनी घेतलेल्या चित्रांत ती यकृताच्या मानाने काळसर होते. या लक्षणास 'वॉशआउट' म्हणतात. शब्दाचा वाच्यार्थ धुऊन जाणे असा असला तरी पारिभाषिक अर्थ सापेक्ष आहे : गाठीची तुलना भोवतालच्या यकृताशीच करावयाची असते. याउलट हिमँजिओमा ही रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ कडेकडून तुकड्यातुकड्यांनी उजळत आत भरत जाते.

अशा संज्ञांना नेमका अर्थ देणारी 'लाय-रॅड्स' ही पद्धती अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने २०११ मध्ये प्रसिद्ध केली. तीत १ हा वर्ग निश्चित निरुपद्रवी गाठीचा, ३ हा मध्यम संभाव्यतेचा आणि ५ हा यकृतपेशींच्या निश्चित कर्करोगाचा आहे. 'एम' हा वर्ग या श्रेणीबाहेरचा होय. गाठ घातक दिसते, परंतु ती यकृतपेशींचीच असेल असे नाही, एवढेच तो सांगतो. २०१८ च्या आवृत्तीनुसार २० मिलिमीटर वा त्याहून मोठी गाठ केवळ कडेने न उजळता रोहिणी-अवस्थेत उजळली आणि पुढे तिच्यात केवळ कडेपुरता नसलेला वॉशआउट दिसला, तर ती पाचव्या वर्गात जाते. तेथे बायॉप्सीवाचूनही उपचार ठरविता येतात.

तथापि हा नियम सरसकट लागू नाही. सिरोसिस वा दीर्घकालीन हेपटायटिस बी असलेल्या, अथवा हाच कर्करोग आहे वा पूर्वी होता अशा प्रौढांपुरताच तो आहे. कारण त्यांच्यात या कर्करोगाची शक्यता मुळातच अधिक असते. निरोगी यकृतातील अॅडिनोमा, किंवा अन्य अवयवातून पसरलेली एखादी गाठही तसेच चित्र दाखवू शकते. तेथे त्याच चिन्हावरून कर्करोगाचा निर्णय देता येत नाही. बायॉप्सीची गरज पडू शकते.

यास्तव तपासणीस पाठविताना चिठ्ठीवर लिहिलेला पूर्वेतिहास हा अहवालाच्या अर्थाचाच भाग समजला पाहिजे. त्यातील सिरोसिसचा उल्लेख गळला, तर तीच चित्रमालिका निर्णायक ठरण्याऐवजी अनिर्णीत राहील. आणि नसलेला सिरोसिस गृहीत धरला, तर न झालेल्या कर्करोगाचा शिक्का रुग्णावर बसेल.