रोजा सुटला, आता चार पावलं चालू या

रमजानचा चाँद दिसला की मोहल्ल्याचं वेळापत्रकच बदलतं. पहाटे सहरी, दिवसभर रोजा, सायंकाळी इफ्तार आणि रात्री तरावीह. या धावपळीत पहिली गदा येते ती रोजच्या फिरण्यावर. वर्षभर नेमाने चालणारे मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे रुग्णही ‘आता ईदनंतर बघू’ म्हणतात. दस्तरखानावर मात्र खजुरापाठोपाठ भजी, समोसे आणि गोड सरबत हजर असतं. चालणं थांबतं, तळकट वाढतं आणि महिनाअखेर रक्तातली साखर बिघडते.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरून मागे फिरता येतं, हे चेन्नईतल्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या अभ्यासाने दाखवून दिलं. आहाराची पथ्यं आणि रोजचं चालणं यांमुळे मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं.

याचं कारण साधं आहे. काम करणारे स्नायू रक्तातली साखर इंधन म्हणून ओढून घेतात. नियमित व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, रक्तदाब उतरतो, हृदय बळकट होतं. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे कर्मचारी तपासले. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून काम करणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. रमजानमध्ये त्याची सोय कशी करायची? तरावीहच्या २० रकातींमध्ये २० वेळा रुकू आणि ४० सजदे होतात. ही इबादत आहेच, पण शरीराचीही चांगली हालचाल होते. मधुमेहतज्ज्ञ तिला दिवसाच्या व्यायामात धरतात. मशीद जवळ असेल तर मोटारसायकल घरी ठेवून पायी जावं. घरी नमाज पढणाऱ्या महिलांनी इफ्तारनंतर थोड्या वेळाने अंगणात किंवा गच्चीवर वीस-पंचवीस मिनिटं चालावं. असरनंतर, इफ्तारच्या तोंडावर दमवणारा व्यायाम मात्र टाळावा. तेव्हा शरीरात पाणी कमी असतं आणि साखर घसरण्याचा धोका असतो.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा आणि मात्रा ठरवून घ्याव्यात. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असं उलेमा सर्वसाधारणपणे सांगतात. तरीही अनेक जण या भीतीने तपासणी टाळतात आणि दुखणं अंगावर काढतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. घाम फुटणं, हातपाय थरथरणं, भोवळ येणं ही साखर घसरल्याची लक्षणं. अशा वेळी मगरिबच्या अजानची वाट पाहू नये. आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे. सुटलेले रोजे नंतर ठेवता येतात.

तीस दिवस तरावीहला उभं राहणाऱ्या पायांना शव्वालमध्ये अर्धा तास चालणं जड जाऊ नये. ईदचा शीरखुर्मा झाला की दुसऱ्या दिवशी पहाटे, फज्रनंतर, पुन्हा बाहेर पडावं.