मांजराने खाल्लेलं जसंच्या तसं टाकलं? ती उलटीच असेल असं नाही. फरक असा ओळखा

बदनापूर : मांजराने दूध-भाकरी गपागप संपवली आणि पाचच मिनिटांत तीच, न पचलेली, ओसरीवर टाकली. घरातले म्हणतात, 'उलटी झाली, ऊन बाधलं असेल.' बदनापूरचं नाव तुरीच्या 'बीडीएन ७११' सारख्या वाणांशी जोडलेलं. जिथे तूर, तिथे उंदीर आणि त्यांच्यामागे मांजर, हे आलंच. पण गाय-म्हैस आजारी पडली की जशी धावाधाव होते, तशी मांजरासाठी होत नाही.

पाइपमधून आलं की टाकीतून?

तान्हं बाळ पाजल्यावर दूध काढतं, त्याला आपण उलटी म्हणत नाही. मांजराचंही तसंच. अन्ननलिका हा पाइप समजा आणि जठर ही टाकी. घास पाइपमधूनच परत आला तर मांजराला जोर लावावा लागत नाही. मान खाली जाते, अन्न बाहेर पडतं. ते बहुतेकदा लांबट, नळीसारखं असतं. त्यात पिवळं पित्त नसतं.

खरी उलटी टाकीतून येते. त्याआधी मांजर अस्वस्थ होतं, लाळ गाळतं, पोट आत-बाहेर ओढून ओकाऱ्या देतं. जेवल्या-जेवल्या उलटी झाली तर तीही न पचलेलीच दिसते. म्हणून काय पडलं यापेक्षा कसं पडलं, हे बघायचं.

सगळ्यात साधं कारण घाईचं. एका ताटलीवर तीन मांजरं असली की प्रत्येक जण न चावता गिळतो. ताटल्या वेगळ्या करा, थोडं-थोडं द्या किंवा खाणं पसरट ताटात पसरून ठेवा. मांजर खेळतंय, वजन टिकून आहे आणि हे क्वचितच होतं, तर बहुधा एवढ्यावर भागतं.

कोरडी गोळी आणि दोरा

हे मात्र अनेकांना माहीत नसतं. मांजराला कोरडी गोळी भरवली की ती अन्ननलिकेत अडकून राहू शकते. डॉक्सीसायक्लिन आणि क्लिंडामायसिन ही औषधं तिथे अडकली तर आतून जखम करतात. जखम भरताना नळी आक्रसते आणि काही दिवसांनी मांजर प्रत्येक घास परत टाकू लागतं. गोळीनंतर सिरिंजने ५ ते ६ मिली पाणी हळूहळू पाजलं, की हा धोका बराच टळतो. ठसका लागणार नाही एवढं बघा.

दुसरा धोका दोऱ्याचा. शिलाईचा दोरा, संक्रांतीनंतर गच्चीवर उरलेला मांजा. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात जातं. तोंडातून दोरा लटकताना दिसला तरी ओढू नका, आतडं कापलं जाऊ शकतं.

कधी थांबायचं नाही?

जेवून दहा-बारा तास झाले आणि तरी न पचलेलंच अन्न पडलं, तर पुढची वाट अडल्याची शंका घ्यावी. एरवी तोवर जठर रिकामं व्हायला हवं. वारंवार टाकणं, रक्त, खोकला, धाप, वजन घटणं किंवा दिवसभर काहीच न खाणं, यातलं काहीही असलं तर दवाखाना गाठा. घरात, शेतात उंदराचं औषध ठेवलं असेल तर एका उलटीलाही थांबू नका. विषाने मेलेला उंदीर खाल्ल्यानेही मांजराला बाधा होऊ शकते.

आणि घरातली पॅरासिटामॉल? अजिबात नाही. मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही; एक गोळीही जीव घेऊ शकते.

तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे जास्त करून जनावरं आणि शेळ्या येतात आणि मांजर दवाखान्यात गेलं की गप्प बसतं. तेव्हा पुढच्या वेळी फरशी पुसण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ काढा. सोबत खाल्ल्यानंतर किती वेळाने टाकलं आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांत कोणती गोळी दिली होती, एवढं लिहून न्या.