घरात भरपूर लाइट असूनही अंधार का वाटतो? दिवा कुठला घ्यायचा आणि कुठे लावायचा, समजून घ्या

नव्या फ्लॅटचा ताबा मिळतो तेव्हा लाइटचे पॉइंट आधीच ठरलेले असतात. भिंतीवर वरच्या बाजूला ट्यूबचा एक पॉइंट, मध्ये पंखा आणि नशीब चांगलं असेल तर एखादा जादा होल्डर. त्यानंतर आपण सोफा, बेड, अभ्यासाचं टेबल जिथं बसेल तिथं बसवतो. म्हणजे लाइटची जागा बिल्डरने ठरवली, टेबलाची आपण ठरवली आणि दोघांची गाठ काही पडली नाही. पोरगं ट्यूबकडे पाठ करून अभ्यासाला बसतं आणि त्याच्याच डोक्याची सावली वहीवर पडते. घरचे म्हणतात, "लाइट कमी पडतोय, जास्त वॅटचा आणा."

आणतात. सावली तिथंच राहते.

कारण वॅट म्हणजे दिवा वीज किती खाणार. प्रकाश किती देणार, ते ल्युमेनमध्ये मोजतात. पिवळ्या बल्बच्या काळात दोन्हींत फरक केला नाही तरी चालून जायचं. '६०चा बल्ब द्या' म्हटलं की साधारण ७०० ल्युमेन मिळायचे. आज ९ वॅटचा एलईडी ८०० ते ९०० ल्युमेन देतो. ५ जानेवारी २०१५ला केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब घरोघरी गेले. बल्ब बदलले, पण दुकानात मागायची भाषा वॅटचीच राहिली. (तसंही आपण वर्षानुवर्षं ज्याला 'झिरोचा बल्ब' म्हणत आलो, तो १०-१५ वॅट खायचाच. नावालाच झिरो!)

आता खरं गणित बघू. वहीवर किंवा ओट्यावर प्रत्यक्ष किती प्रकाश पडतो, ते लक्समध्ये मोजतात. वाचन-लिखाणाला साधारण ३०० ते ५०० लक्स लागतात. ९०० ल्युमेनचा उघडा बल्ब टेबलापासून २ मीटर उंचीवर असेल, तर थेट पडणारा प्रकाश भरतो जेमतेम २० लक्सच्या आसपास. बाकी जे काही मिळतं ते भिंती आणि छतावर आपटून येतं. तोच बल्ब अर्ध्या मीटरवर आणला की तिथं सुमारे ३०० लक्स मिळतात. अंतर चौथ्या हिश्श्यावर आलं, प्रकाश सोळापट झाला. शाळेत फिजिक्समध्ये वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम पाठ केला होता ना, तो इथं कामाला येतो. वीज मात्र तेवढीच, ९ वॅट.

म्हणून कामाच्या जागी दिवा जवळ हवा. छतावर चार स्पॉटलाइट आणखी बसवण्यापेक्षा एक साधा टेबल लॅम्प जास्त उपयोगाचा ठरतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी तर हे सोन्याहून पिवळं, कारण भिंतीला भोक पाडायला नको आणि घर सोडताना लॅम्प सोबत नेता येतो.

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा कुणासाठी असेल, तर घरातल्या आजी-आजोबांसाठी. वय वाढतं तशी डोळ्यातली बाहुली लहान राहायला लागते आणि आतलं भिंग पिवळसर, गढूळ होत जातं. ढोबळमानाने, साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. तुम्हाला जी खोली लख्ख वाटते, तिथं आजी सुईत दोरा ओवायला खिडकीशी का जाते, ते आता कळलं असेल. पण म्हणून त्यांच्या डोक्यावर झगझगीत उघडा बल्ब लावू नका. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर उघडा दिवा जास्तच टोचतो. त्यांच्या खुर्चीशेजारी, खांद्याच्या थोडा मागून पुस्तकावर प्रकाश पडेल असा शेड असलेला उभा लॅम्प ठेवा. बसल्यावर शेडची खालची कड डोळ्यांच्या पातळीला आली पाहिजे. वर गेली तर बल्ब डोळ्यात जातो, खूप खाली आली तर पानावर उजेड पुरत नाही. वायर भिंतीच्या कडेने न्या, जायच्या-यायच्या वाटेत नको. आणि बेडपासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर जमिनीजवळ एखादा मंद दिवा असू द्या. रात्री अंधारात चाचपडत पडणं या वयात फार महागात जातं.

बाकी जागांना हेच लॉजिक लावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा लॅम्प डावीकडे, डावखुऱ्याचा उजवीकडे, म्हणजे हाताची सावली अक्षरावर येत नाही. स्वयंपाकघरात ट्यूब बहुतेक वेळा आपल्या पाठीमागे असते आणि चिरताना सावली नेमकी सुरीवर पडते. ओट्याच्या वर कपाटं असतील तर त्यांच्या खाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावली की काम झालं. आरशाच्या वर एकच दिवा असेल तर डोळ्यांखाली काळी वर्तुळं दिसतात. दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर दिवे लावून बघा, स्किनकेअरचे निम्मे पैसे वाचतील!

राहिला रंग. खोक्यावर केल्विन म्हणजे 'के'चा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. आपल्याकडे पांढरा म्हणजे जास्त उजेड असं समीकरण डोक्यात बसलंय, म्हणून बेडरूममध्येही ६५००वालाच लागतो. रात्री उशिरापर्यंत असा निळसर, प्रखर प्रकाश डोळ्यांवर राहिला तर झोपेसाठी लागणारं मेलाटोनिन कमी तयार होतं. त्यामुळे ओटा आणि अभ्यासाला ४०००च्या आसपास, बेडरूम आणि हॉलच्या कोपऱ्याला पिवळसर घ्या. उलटही खरं आहे. रील्समधला तो केशरी 'सनसेट लॅम्प' दिसतो भारी, पण त्याच्या उजेडात अभ्यास करायला जाऊ नका.

खोक्यावर सीआरआय लिहिलेला असेल तर तोही बघा. त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, त्याचा हा आकडा. ८०च्या वर ठीक, ९० असेल तर उत्तम. दुकानात मरून वाटलेली साडी घरी आल्यावर तपकिरी दिसते, त्यामागे बरेचदा हेच कारण असतं.

खरेदीला जाण्याआधी एक काम करा. अँड्रॉइड फोनमध्ये लाइट सेन्सर असतो, त्यावर चालणारं एखादं फुकट लक्स मीटर ॲप घ्या. रात्री नेहमीचे दिवे लावा आणि वही जिथं असते तिथं फोन उताणा ठेवा. मग खुर्चीत नेहमीसारखे वाकून बसा आणि आकडा बघा. आता जरा बाजूला सरका आणि पुन्हा बघा. ॲपचा आकडा अगदी अचूक नसेल, पण दोन्हींत मोठा फरक आला, तर लाइट तुम्हीच अडवताय. मग नवीन ट्यूब आणायच्या आधी टेबल फिरवून बघा, ते फुकट होतं.